उन्हाळ्यातली शाळा

फाल्गुन सरतो, चैत्राचे ऊन तापू लागते आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे एकेक करून 'पट्टे' पडू लागतात. पट्टा पडणे म्हणजे गळीत हंगाम संपणे. मग कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडील बेळगाव भागातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मराठवाड्याच्या दिशेने निघतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी असते, गोधड्यांची गाठोडी असतात, हंडे, घमेली, एखादी शेळी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या असतात आणि या साऱ्या संसाराच्या वर, ऊन चुकवण्यासाठी डोक्यावर फडके घेतलेली मुले बसलेली असतात. बालाघाटच्या डोंगररांगेतील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, तसेच शेजारच्या पाथर्डी आणि शेवगाव या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर दसऱ्यापासून कुलपे लागलेली दारे एकेक उघडू लागतात.

मुले गावी येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. वार्षिक परीक्षा तोंडावर असते किंवा होऊन गेलेली असते. साधारणतः मे महिन्याच्या प्रारंभी शाळांना उन्हाळी सुटी लागते ती जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे ज्या वेळी हे मूल आपल्या घरात, आपल्या गावात, आपल्या भाषेत आणि आपल्या सवंगड्यांत असते, नेमक्या त्याच वेळी शाळेला कुलूप असते. ज्या वेळी शाळा भरात असते, त्या वेळी घराला कुलूप असते. दोन कुलपांच्या या खेळात मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी शाळेचे चार-साडेचार महिने येतात. जून ते दिवाळी एवढेच त्याचे शैक्षणिक वर्ष.

उन्हाळ्याचे ते सहा-सात आठवडे या मुलांसाठी वापरता येतील काय, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र उसाच्या फडापासून दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेक ठिकाणी विखुरलेले आहे.

कोयता आणि उचल

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी, यातच बरेच काही आले. हंगामाच्या आधी, बहुधा पावसाळ्यातच, मुकादम या जोडीला आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. पुढे हंगामभर तोडलेल्या उसाच्या वजनावर जी मजुरी होते, तिच्यातून ही उचल फेडली जाते. फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

बँकेच्या व्यवहाराची ओळख असलेल्या वाचकाला यातील विशेष चटकन लक्षात येईल. हे एक कर्जच आहे. परंतु त्याला बहुधा करारपत्र नाही, हप्त्यांचे वेळापत्रक नाही, तारण म्हणून जमीन वा सोने नाही. तारण आहे ते पुढील सहा महिन्यांच्या श्रमाचे. मजुरी टनावर असल्याने घरातील प्रत्येक हाताला किंमत येते. दहा वर्षांचा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला मदत करतो. आठ वर्षांची मुलगी फडाच्या बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळते, कोपीतली चूल पेटवते, पाणी आणते. पहाटे तीन-चारला उठून आईबाप फडात जातात, रात्री गाडी भरायला ट्रक येईल त्या वेळी जातात. अशा घरातील मुलाने पाढे केव्हा म्हणावेत, हे विचारायला सोपे आणि सांगायला अवघड.

मूल गावी आजी-आजोबांकडे ठेवावे, तर आजी-आजोबा थकलेले. आणि मुलगी वयात येत असेल, तर तिला मागे ठेवण्याचा आईचा धीर होत नाही. म्हणून तीही ट्रॉलीत चढते.

साखरशाळेपासून हंगामी वसतिगृहापर्यंत

या मुलांसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, 'जनार्थ' या संस्थेने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' चालवल्या. कोप्यांच्या वस्तीलगत पाचट आणि बांबूंच्या आडोशाला वर्ग भरू लागले. जिथे मूल, तिथे शाळा, ही त्यामागची कल्पना. पुढे वेगळ्या शाळा उभारण्याऐवजी कारखान्याजवळील नेहमीच्या शाळेतच ही मुले दाखल करावीत, असा विचार पुढे आला.

त्याला बळ मिळाले ते बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप इयत्तेत प्रवेश द्यावा लागतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. केंद्राच्या नमुना नियमांत या प्रशिक्षणाचा कालावधी किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे असा सांगितला आहे. कलम ५ नुसार एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर 'शिक्षण हमी पत्रक' देण्याची पद्धतही सुरू झाली. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहावे आणि वर्गात बसवावे, हा हेतू. जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' ही शाळाबाह्य व स्थलांतरित मुलांच्या शोधाची मोहीम राज्यात राबवली गेली.

दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहांचा. मूल गावातच राहावे, आईवडिलांनी जावे आणि मुलाच्या जेवणाची व देखरेखीची सोय शाळेने करावी, अशी ही योजना. ती जिथे नीट चालली तिथे मुलांचे वर्ष वाचले, यात शंका नाही. तथापि मुले स्थलांतराला निघून गेल्यावर वसतिगृहाची मंजुरी येते, अशी तक्रार गावोगावी दरवर्षी ऐकू येते. दसऱ्यानंतर आलेल्या मंजुरीचा उपयोग किती, हे वेगळे सांगायला नको.

या सर्व उपायांचा रोख ऑक्टोबर ते एप्रिल या काळावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण ज्या मुलाचे हे महिने निसटले, त्याचे काय? ते एप्रिलअखेर गावी येते तेव्हा त्याच्या हातात दाखला असो वा हमी पत्रक असो, वाचता मात्र येत नसते. जूनमध्ये जे येत होते, त्यातलेही बरेच पुसले गेलेले असते.

विसरण्याचे गणित

सुटीत मुले शिकलेले विसरतात, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेत झाला. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी अटलांटा शहरातील मुलांच्या अभ्यासावरील आपला ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे बाल्टिमोर शहरात कार्ल अलेक्झांडर, डॉरिस एन्टविसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ पासून शेकडो मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांना आढळले ते असे, की शाळा सुरू असताना गरीब आणि सुस्थितीतील घरांतील मुले जवळपास सारख्याच गतीने पुढे जातात. अंतर पडते ते उन्हाळ्यात. या अभ्यासकांनी त्यासाठी नळाची उपमा वापरली. शाळा चालू असते तोवर ज्ञानाचा नळ सर्वांसाठी वाहतो. सुटीत तो बंद होतो. ज्यांच्या घरी साठवण आहे त्यांचे भागते, इतरांची घागर रिकामी राहते. सुटीत किती विसरले जाते याच्या मोजमापावर नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले, ही गोष्टही नमूद केली पाहिजे.

मराठवाड्याच्या वाचकाला ही उपमा वेगळी समजावून द्यावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांत नळ बंद होण्याचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो. फरक इतकाच, की ऊसतोड मजुराच्या मुलासाठी शाळेचा नळ ऑक्टोबरातच बंद झालेला असतो आणि उन्हाळ्याच्या सुटीने त्याची मुदत वाढते, एवढेच. अमेरिकेतील मूल अडीच महिन्यांत विसरते, तर हे मूल आठ महिन्यांत.

सकाळी सात ते दहा

उन्हाळी वर्ग कसा असावा, याचे बऱ्यापैकी स्पष्ट चित्र गेल्या काही दशकांच्या अनुभवातून उभे राहिले आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने देशभर उन्हाळी वाचन शिबिरे घेतली. तिच्या पुढाकाराने २००५ पासून निघणाऱ्या 'असर' अहवालातील चाचणी इतकी सोपी आहे, की गावातील बारावी झालेली तरुणी ती घेऊ शकते. मुलासमोर एक कागद ठेवायचा. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. मूल जिथे अडखळते, ती त्याची पातळी. गणितासाठी अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. दहा मिनिटांत निदान होते.

यानंतरची पायरी शाळेच्या नेहमीच्या शिस्तीला थोडी खटकणारी आहे. मुलांचे गट इयत्तेनुसार न पाडता पातळीनुसार पाडायचे. पाचवीतला मुलगा अक्षरांच्या गटात आणि तिसरीतली मुलगी गोष्टीच्या गटात बसेल. पाचवीतल्याला संकोच वाटतो. तो वाटू नये म्हणून खेळ, चिठ्ठ्या, बाराखडीचे तक्ते, जमिनीवर खडूने काढलेले अंकांचे चौकोन, मोठ्याने वाचलेली आणि मग मुलांनीच सांगितलेली गोष्ट, असे सारे असते. पाठ्यपुस्तक पुरे करण्याची घाई नसते, परीक्षा नसते, गृहपाठ नसतो. ऊन चढण्याआधी, सकाळी सात ते दहा या वेळेत वर्ग उरकतो. समाजमंदिर, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, लिंबाच्या झाडाचा पार, कोठेही तो भरतो. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचे नसते. भावंडासाठी एक सतरंजी आणि चार खेळणी ठेवली, की तीही बसते. हा नियम छोटा दिसतो, पण ज्या वर्गाने तो पाळला नाही त्या वर्गात मोठ्या मुली टिकत नाहीत.

अशा वर्गांचा परिणाम होतो काय? बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात २००८ च्या उन्हाळ्यात एक महिन्याची शिबिरे झाली. सरकारी शाळांतील शिक्षकांनीच ती घेतली. 'प्रथम'ने प्रशिक्षण, साहित्य आणि स्वयंसेवकांचे साहाय्य दिले. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिबिरांचे मूल्यमापन केले. इतक्या थोड्या दिवसांतही मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा आढळली. या अभ्यासातील दुसरा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. तेच सरकारी शिक्षक वर्षभराच्या नेहमीच्या वर्गात परतले, तेव्हा नुसते प्रशिक्षण आणि साहित्य पुरवून तसा परिणाम दिसला नाही. शिक्षकांना शिकवता येते, हे उन्हाळ्याने दाखवले होते. जून ते एप्रिल मात्र त्यांच्या मानेवर अभ्यासक्रम पुरा करण्याचे जोखड असते, आणि मागे पडलेले मूल त्या धावपळीत मागेच राहते. उन्हाळ्याची मोकळीक ही अशा प्रकारे या वर्गांची खरी पुंजी आहे. उन्हाळी वर्ग म्हणजे शाळेचीच छोटी आवृत्ती करून टाकणारे हौशी आयोजक ती पुंजी पहिल्याच आठवड्यात गमावतात.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे अभियान सुरू झाले. पहिलीत जाणाऱ्या मुलांचा एक मेळावा एप्रिलमध्ये आणि दुसरा जूनमध्ये. मधल्या सुटीत मातांच्या गटांनी मुलांकडून घरच्या घरी छोट्या कृती करून घ्यायच्या. डाळ-तांदूळ निवडताना वर्गीकरण, भांडी लावताना लहान-मोठे, अशा त्या कृती. कल्पना सुंदर आहे. पण एप्रिलच्या मेळाव्याच्या दिवशी ऊसतोड करणारी माता कदाचित पंढरपूरच्या किंवा कराडच्या फडात असते. तिला गटात घ्यायचे तर कोणीतरी मे महिन्यात पुन्हा तिच्या दारी जायला हवे.

परतीची तारीख कोणाच्या हाती

उन्हाळी वर्गाची सर्वांत मोठी अडचण अगदी व्यावहारिक आहे. तो सुरू केव्हा करायचा? गळीत हंगाम केव्हा संपेल, हे शिक्षण खात्याला ठाऊक नसते, मुकादमालाही नसते. ते उसाच्या उभ्या पिकावर आणि पावसावर ठरते. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका झाला, की मराठवाड्यातील काही कारखान्यांची धुराडी जून उजाडला तरी पेटलेली होती. त्या वर्षी मजुरांच्या मुलांना उन्हाळाच मिळाला नाही. उलट २०२४-२५ च्या हंगामात ऊस कमी पडला आणि अनेक कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद झाले. मुले लवकर परतली. ज्या शाळांनी त्यांना लगेच वर्गात बसवून वेगळी शिकवणी दिली, त्यांना चालू शाळेचे चार-सहा आठवडे जादा मिळाले असणार. सुमारे दोनशे कारखान्यांचे गाळप रोजच्या रोज मोजणारी साखर आयुक्तालयाची यंत्रणा पुण्यात आहे. कोणत्या कारखान्याचा पट्टा कधी पडणार, ही माहिती तिथून जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांकडे वेळेवर गेली, तर उन्हाळी वर्गांची तयारी करणे कितीतरी सोपे होईल. त्याला फारसा पैसाही लागत नाही.

दुसरी अडचण, परतलेली सर्व कुटुंबे गावी थांबतातच असे नाही. काही जण वीटभट्टीवर जातात, काही मुंबई-पुण्याकडे बांधकामावर. तिसरी अडचण लग्नसराईची. मे महिना लग्नाच्या तिथींचा. यजमान आणि पाहुणे दोन्हीकडून मुले वर्ग बुडवतात, आणि कधी कधी लग्न वर्गातल्याच एखाद्या मुलीचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर एकट्या बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांहून अधिक आढळले. वयात आलेली मुलगी फडावर नेणे धोक्याचे, गावी ठेवणे धोक्याचे, म्हणून लग्न करून टाकावे, असा आईबापांचा हिशेब असतो. लग्न झाले, की नवा कोयता तयार होतो आणि त्या कोयत्याला नवी उचल मिळते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तरीही सातवी-आठवीतील मुलगी रोज सकाळी वर्गात येते, बाईंना तिचे नाव ठाऊक आहे आणि ती दोन दिवस आली नाही तर कोणीतरी घरी विचारायला जाते, या साध्या व्यवस्थेने होणारे काम कायद्याच्या पुस्तकाने होत नाही.

चौथी गोष्ट भुकेची. सुटीत शाळेतील माध्यान्ह भोजन बंद असते. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुटीतही ते द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला होता. मे २०१६ मध्ये, महाराष्ट्र होरपळत असताना, 'स्वराज अभियान'च्या याचिकेवर न्यायालयाने पुन्हा तेच बजावले. जेवण चालू असेल तर वर्ग चालू ठेवणे सोपे जाते. खिचडीच्या वासाने जेवढी मुले येतात तेवढी दवंडीने येत नाहीत, हे गावातल्या कोणत्याही बाई सांगतील.

समुद्रापलीकडचा दाखला

या विषयात एक जुनी आणि विस्तृत सरकारी योजना अमेरिकेची आहे. १९६० च्या नोव्हेंबरात, 'थँक्सगिव्हिंग' या सुगीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, एडवर्ड मरो या पत्रकाराचा 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा माहितीपट तेथील दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. आदल्या दिवशी ज्या ताटावर देश जेवला, ते ताट भरणाऱ्या भटक्या शेतमजुरांची दैना त्यात होती. १९६५ च्या शिक्षणविषयक कायद्यात १९६६ मध्ये दुरुस्ती होऊन अशा मजुरांच्या मुलांसाठी स्वतंत्र निधीची तरतूद झाली. शेती वा मासेमारीच्या कामासाठी गेल्या ३६ महिन्यांत गाव बदललेल्या कुटुंबातील ३ ते २१ वर्षांच्या मुलांना तिचा लाभ मिळतो.

तेथील ऋतुचक्र आपल्या उलट आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाकडील कुटुंबे वसंतात उत्तरेला निघतात. मिशिगनमध्ये चेरी, मिनेसोटात शर्कराकंद, ओहायोत टोमॅटो. म्हणून उन्हाळी शाळा भरते ती परक्या गावी, कामाच्या ठिकाणी. शेतावरून मुलांना आणायला बस जाते, काही ठिकाणी दिवसा राबणाऱ्या मोठ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात. मुलाची शैक्षणिक नोंद त्याच्या पाठोपाठ जावी म्हणून आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे बरीच वर्षे एक मध्यवर्ती संगणक चालवला गेला. तो १९९५ मध्ये बंद पडला आणि २००७ मध्ये नवी राष्ट्रीय नोंदप्रणाली आली. आपल्याकडील हमी पत्रक पावसात भिजते, हरवते, फडाच्या धुरात काळे पडते. त्या दृष्टीने हा दाखला उपयोगी आहे.

होजे हर्नांडेझ हे अंतराळवीर याच भटक्या मजुरांपैकी एका मेक्सिकन कुटुंबातील. दुसरीत असताना त्यांच्या शिक्षिकेने घरी येऊन आईवडिलांना दरवर्षीची पायपीट थांबवण्याची विनवणी केली आणि कुटुंब कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे स्थिरावले. ऑगस्ट २००९ मध्ये ते 'डिस्कव्हरी' यानातून अवकाशात गेले. अर्थात अशा योजनेचे आयुष्यही निधीच्या दोरीवर लटकते. २०२५ मध्ये, उन्हाळी वर्ग चालू असतानाच, १ जुलैला राज्यांना मिळायचा या योजनेचा निधी तेथील केंद्र सरकारने रोखून धरला आणि बऱ्याच गदारोळानंतर जुलैअखेर मोकळा केला.

भाषेचे ओझे

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना आपल्या परिसरातही अशी मुले दिसत असतील. ओडिशातील बलांगीर आणि नुआपाडा जिल्ह्यांतून तेलंगण व आंध्रातील वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचा हंगाम भर उन्हाळ्यातही चालू असतो. तेथे तेलुगू शाळेत बसवलेल्या मुलाला काहीच कळत नाही, म्हणून भट्टीवरच्या वर्गांसाठी ओडिया पुस्तके आणि ओडिया बोलणारे शिक्षक आणण्याचा प्रयोग झाला. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'रोशनी' उपक्रमात बंगाली, हिंदी, ओडिया बोलणाऱ्या मुलांना त्यांची भाषा जाणणाऱ्या स्वयंसेविकांच्या मदतीने मल्याळम शिकवले जाऊ लागले आणि शाळेआधी न्याहारी दिली जाऊ लागली. आपला ऊसतोड मजूर कर्नाटकात किंवा नंदुरबार-धुळ्याचा आदिवासी मजूर दक्षिण गुजरातेत गेला, की त्याच्या मुलांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. त्यांच्यासाठी तर गावाकडचा मे महिना हीच आपल्या लिपीशी पुन्हा भेट होण्याची वेळ.

खात्याचे पुस्तक

बँकांच्या ग्रामीण शाखांत या भागात एप्रिल-मेमध्ये वेगळीच वर्दळ असते. सहा महिने बाहेर असलेले लोक पासबुक भरून घ्यायला, ओळखपत्रांची पूर्तता करायला येतात. मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या खात्यातच जमा होतात. पण खाते निष्क्रिय झाले असेल या धास्तीने कित्येक पालक चौकशीलाच येत नाहीत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, शिष्यवृत्ती किंवा सरकारी अनुदान जमा होण्यासाठी उघडलेले खाते दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून निष्क्रिय ठरवता येत नाही. आणि दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवण्याची मुभा बँका आपल्या मर्यादेत देऊ शकतात; २०१४ मध्ये खुली झालेली ही वाट एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने पुन्हा स्पष्ट झाली. उन्हाळी वर्गाला एखाद्या सकाळी शाखेतील कर्मचारी भेट देऊन गेला, तर पैसे भरण्याची चिठ्ठी हाच त्या दिवसाचा गणिताचा पाठ होऊ शकतो. रक्कम अंकी, रक्कम अक्षरी. 'अक्षरी' या रकान्यापाशी किती मुले थांबतात, हे पाहण्यासारखे असते.

याहून परिणामकारक पाठ ट्रॉलीतून आलेल्या पत्र्याच्या पेटीतच असतो. तिच्यात कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्या असतात; गाडीचा क्रमांक, तारीख, भरलेले वजन, रिकामे वजन. मुकादमाच्या वहीतील आकडे आणि या पावत्या यांचा मेळ बहुतेक घरांत कोणी घालत नाही, कारण घालता येत नाही. हातच्याची वजाबाकी शिकलेल्या मुलीसमोर तिच्याच वडिलांची पावती ठेवली, तर भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करायला तिला पुस्तक लागत नाही. ती पावत्या तारखेप्रमाणे लावते, टनांची बेरीज करते, दराने गुणते आणि उचलीतून वजा करते. वडील शेजारी बसून पाहत असतात. उत्तर वहीतल्या बाकीशी जुळले, तर ते पुढच्या पावतीकडे वळतात. जुळले नाही, तर तिला पुन्हा एकदा करून पाहायला सांगतात, आणि तोवर पेटीतून मुकादमाची वही शोधतात.